मावशींच्या फोनवरून गेलेला निरोप

तडजोडीच्या बैठकीआधी पक्षकाराचा सगळा पत्रव्यवहार त्याच्यासमोर मोठ्याने वाचायचा, हा माझा नियम. लोक कंटाळतात. "सगळं बरोबर आहे हो मॅडम," म्हणतात. बरोबर असतं तर ठाण्याला मध्यस्थासमोर मी इतक्यांदा तोंडघशी पडले नसते.

मोहने गावच्या मावशी आल्या तेव्हाही मी तोच हट्ट धरला. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरावरून त्यांचा धाकट्या दिराशी वाद चालला होता. मावशींना मरेपर्यंत तिथेच राहायचं होतं आणि दिराला घर रिकामं हवं होतं. दुसऱ्या दिवशी बैठक. मोतीबिंदूमुळे मावशींना बारीक अक्षर दिसत नसे. दिराला काय कळवायचं ते त्या सांगत, मानपाड्याला राहणारी मुलगी भेटायला आली की त्यांच्या फोनवर टाइप करी आणि आलेली उत्तरं वाचून दाखवी. घरोघरी असंच चालतं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

डोंबिवलीतल्या माझ्या ऑफिसात मुलगीही शेजारी बसली होती. मी वाचत होते, मावशी मान डोलवत होत्या. मग त्यांच्या फोनवरून दिराला गेलेला एक निरोप वाचनात आला: "भाऊजी, घर तुम्हीच ठेवा. मी लेकीकडे राहायला जाते."

"हे मी सांगितलेलं नाही," मावशी म्हणाल्या.

फोन त्यांचा, नंबर त्यांचा. माझं डोकंच चालेना. विसरला असाल, म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले. मग मुलीकडे लक्ष गेलं. ती ओढणीचं टोक पिळत होती.

"काय करणार मग?" ती एकदम म्हणाली. "काका पिऊन येतात, दारावर लाथा मारतात. तिकडे मानपाड्याला माझा जीव टांगणीला. किती वेळा सांगितलं, ये माझ्याकडे. ऐकेल तर शपथ!"

मला तिचा भयंकर राग आला, आणि तिचं म्हणणं पटलंही. आपण नक्की कोणाची बाजू घेतोय, हेच कळेनासं झालं. तरी म्हटलं, "उद्या सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की आईला न विचारता हे तू पाठवलंस. नाहीतर तुझे काका हाच निरोप पुढे करतील."

"सांगते," ती म्हणाली.

"काही नको," मावशी म्हणाल्या. "मॅडम, लिहा. मीच सांगितलेलं तिला."

"मावशी, घर जाईल!"

"जाऊ दे. माझ्या पोरीला चार लोकांत खोटारडी म्हणायचं नाही कोणी."

खरं काय ते मला कळलं होतं, आणि माझी पक्षकारच ते मांडू देत नव्हती. हवं ते मिळाल्यावर मुलगी हमसून रडायला लागली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होत्या, तुझ्या घरात माझे देव कुठे मांडायचे ते सांग.