ब्लेडनं कापलेली ओळ

पोस्टवर आम्ही दहा जण होतो. उत्तरेची सीमा. उंची एवढी, की चार पावलं चाललं की थांबून दम घ्यावा लागे. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं एवढंच, गोळीबार रोजचा होता. मी हवालदार साळुंखे, राहणार थेरगाव, पोस्ट कमांडर. अधिकारी खालच्या कॅम्पवर असत, त्यामुळे जवानांची पत्रं तपासायचं कामही माझ्याकडेच होतं.

हे सिव्हिलियन लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. तेव्हा पोस्टवर मोबाइल नव्हते. पत्र उघडं द्यायचं, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. जागा, माणसांची संख्या, सामानाची तूट असं काही आलं तर ती ओळ उडवायची. थंडीनं शाई गोठायची, पत्रंही पेन्सिलीनंच लिहिली जायची, म्हणून मी दाढीच्या ब्लेडनं ओळ कापून काढायचो. हा नियम मला तेव्हा पटत होता, आजही पटतो. पत्र कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो.

दुसरा रिवाज संध्याकाळचा. १८:०० वाजता रेडिओवर रिपोर्ट द्यायचा. "पोस्ट तीन, ऑल ओके, ओव्हर." खरोखर सगळं ओके असलेला दिवस मला आठवत नाही. पण एकदा केरोसीन कमी असल्याचं कळवलं, तर खालून उत्तर आलं होतं, "पोस्ट संभालते हो या दुकान?" तेव्हापासून मी ऑल ओकेच म्हणायचो.

नाईक सलीम शेख पिंपरीचा. वडिलांचं गॅरेज होतं. प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालेला आमच्यात तो एकटाच. आधीच्या तुकडीकडून पोस्ट ताब्यात घेतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला.

"उस्ताद, ऑक्सिजनचा एक सिलिंडर रिकामा हाय."

"कागदावर दोन फुल आहेत."

"कागदावर तुमची सही बी हाय. माझा बाप स्टेपनीलासुद्धा टिचकी मारून बघतो राव, आन् तुमी व्हॉल्व्ह न उघडता सही केली?"

तो हसत होता. मला मात्र ते झोंबलं. "बघतो," म्हणालो आणि काहीच केलं नाही. कळवायचं म्हणजे माझी खोटी सही उघडी पडणार होती. प्रमोशन तोंडावर होतं.

त्याच आठवड्यात त्यानं बायकोला पत्र लिहिलं. शबाना वहिनी तेव्हा नर्सिंग शिकत होत्या. पत्रात सिलिंडरची ओळ होती. मी ती कापली. सामानाची तूट, नियम स्पष्ट होता. त्या संध्याकाळीही मी ऑल ओके म्हणालो.

चार दिवसांनी पहाटे सलीमला खोकला सुरू झाला. ०७:०० वाजता थुंकी गुलाबी झाली. छातीत पाणी भरत होतं. हे दुखणं काय आहे, ते आमच्यात फक्त त्यालाच कळत होतं. भरलेला सिलिंडर त्यानं स्वतःच्या हातानं लावून घेतला.

"बेस, पोस्ट तीन. एक सीरियस. चॉपर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. शाम से पहले नहीं. ऑक्सिजन दो. ओव्हर."

खालच्या वाटेवर शेलिंग चालू होतं, स्ट्रेचर नेता येत नव्हतं. ११:१५ ला सिलिंडर संपला. सलीमनं दुसऱ्या सिलिंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. १३:४० ला तो गेला. १६:०५ ला चॉपर आलं.

खाली अहवाल गेला, "हवामानामुळे मृत्यू." त्यावरही माझीच सही आहे. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो.

मध्यंतरी सीमेवर पुन्हा तणाव झाला. शबाना वहिनी आता एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहेत. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ टाकला. सीमेवरच्या जखमींसाठी म्हणून एक अख्खा वॉर्ड रिकामा राखलाय, चाकणच्या कारखान्यांतून हात चिरडून आलेले कामगार जमिनीवर झोपलेत, आणि वर रोज 'सर्व व्यवस्थित' असं कळवलं जातंय, एवढंच त्या बोलल्या होत्या. लोक तुटून पडले. देश लढतोय आणि ही बाई सरकारी दवाखान्याची अब्रू काढतेय, म्हणाले. काहींनी त्यांचं आडनावही काढलं. शहिदाच्या बायकोचं आडनाव! माझं डोकं सणकलं. त्यातच आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपच्या अध्यक्षांचा फोन आला.

"साळुंखे, व्हिडिओ काढून टाकायला सांग तिला. नोकरी जाईल. तुझं ऐकेल ती."

"येस सर."

दुपारी ३:०० वाजता मी त्यांच्या घरी गेलो आणि आलेला निरोप सांगितला. वहिनींनी ऐकून घेतलं. आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एक पत्र आणलं. मधोमध ओळीएवढी फट.

"दादा, हे त्यांच्या मातीनंतर आलं. इतकी वर्षं मी या फटीत काय काय वाचलं असेल! कधी वाटायचं, माझ्यासाठी काहीतरी गोड लिहिलं असेल. तुम्ही सोबत होता ना? कुणी कापलं हो हे?"

"मी."

मग सगळं सांगितलं. सिलिंडर, सही, प्रमोशन. हेही सांगितलं, की ओळ पिंपरीला जाऊ नये हे बरोबरच होतं, पण ती वरिष्ठांकडे जायला हवी होती. मी दोन्ही वाटा बंद केल्या. नियमाच्या आड माझी सही लपवली.

त्या रडल्या नाहीत. पत्राखाली कोरा कागद ठेवला आणि पेन पुढे केलं.

"लिहा. जशी होती तशी."

ती ओळ मी एक दिवसही विसरलेलो नाही. फटीत लिहिली. "इथं ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आहेत, त्यातला एक रिकामा. तुझ्या हॉस्पिटलात असं चालतं का गं?"

वहिनींनी ती दोनदा वाचली. फटीवरून बोट फिरवलं.

"चालतं हो," त्या पत्राला म्हणाल्या. "म्हणून तर बोलले."

व्हिडिओ त्यांनी काढून टाकला नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही. त्यांची चौकशी लागली आहे. चौकशीच्या पहिल्या तारखेला मी मेडल लावून त्यांच्या शेजारी बसलो आणि सलीमच्या मृत्यूची खरी हकीकत चौकशी अधिकाऱ्यांना माझ्या सहीनिशी लेखी दिली. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचली. १३:४० ही वेळ दोनदा तपासली.