बहिणींची भेट, पाहुणे आल्यावर

माझे वडील आश्रमशाळेत मास्तर होते, पार गडचिरोलीच्या टोकाला, इंद्रावतीच्या अलीकडं. शाळा सुटली की मी माडिया मुलींबरोबर नदीवर नाहीतर मोहाखाली असे. त्यांची बोली मला मराठीइतकीच यायची. नंतर नागपूर, लग्न, टेलिफोन ऑफिसातली नोकरी. ती बोली कुणाशी बोलायचा प्रसंगच उरला नाही. कधी भाजी चिरताना एखादा शब्द आपसूक तोंडात यायचा आणि मी एकटीच हसायची.

निवृत्त झाल्यावर एका संस्थेच्या प्रमुखांचा फोन आला, त्यांना सगळे सर म्हणत. मला माडिया येते हे कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. "भिवापूरच्या पुढं काही कुटुंबं येऊन राहिली आहेत, बस्तरकडची. तिकडच्या बंदुकांच्या भानगडीत गाव सोडून आलेली. आम्ही मदत करतो, पण त्यांचं बोलणं समजत नाही. तुम्ही याल का?"

"या वयात काहून दगदग करून राहिली वं?" आमचे हे म्हणाले. म्हणाले आणि पाण्याची बाटली भरून माझ्या पिशवीत ठेवली.

भिवापूरच्या बाजूला मिरचीचे सातरे असतात. मोकळ्या मैदानात लाल मिरचीचे ढीग आणि त्याभोवती बसून देठ खुडणाऱ्या बाया. अशाच एका सातऱ्याच्या मागं बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांची एक ओळ होती. पहिल्या दिवशी गाडीतून उतरले आणि मिरचीच्या खाटानं मला असा ठसका लागला की बोलताच येईना. बाया हसायला लागल्या. त्यांच्यातली एक उठली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि आपल्या बोलीत शेजारणीला म्हणाली, "म्हातारी इथंच मरते की काय."

मी ठसक्यातूनच त्याच बोलीत म्हणाले, "इतक्यात नाही मरत."

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. मग तिनं माझ्या दंडाला हात लावून पाहिलं, मी खरी आहे की नाही म्हणून. अशी आमची ओळख झाली. तिचं नाव लिहीत नाही. थोरली म्हणते, कारण पुढं धाकटीही येणार आहे.

तिची हकिकत मी इतक्यांदा मराठीत सांगितली आहे की तिचे शब्द कुठले आणि माझे कुठले हे आता मलाच कळत नाही. गावात बंदूकवाले यायचे. दिवसा एक, रात्री दुसरे. दोघंही एकच विचारायचे, त्यांना जेवायला कुणी घातलं? एके दिवशी गाव पेटलं. कुणी पेटवलं हे ती सांगत नसे. संस्थेनं आणलेले पाहुणे फार खोदून विचारायला लागले की म्हणायची, "पाठमोरी पळत होते, तोंडं कशी दिसतील?" नदीवर डोंगे थोडे आणि माणसं फार. ती नवऱ्याबरोबर एका डोंग्यात चढली, धाकटी बहीण मामाच्या माणसांबरोबर दुसऱ्यात. एक डोंगा इकडं लागला, दुसरा खालच्या अंगाला वाहत गेला. मामाची माणसं तेलंगणात मिरचीच्या शेतांवर गेली एवढं नंतर कानावर आलं. पुढं काहीच नाही. रस्त्याच्या कामावर असताना तिचा नवरा तापानं गेला आणि ती बाकीच्या कुटुंबांबरोबर मिरची खुडत खुडत इथवर पोचली.

संस्थेचं काम खोटं नव्हतं, हे आधीच सांगते. हातपंप त्यांनी बसवला. ताडपत्र्या, घोंगड्या, औषधं त्यांनी दिली. पोरांना गोवर निघाला तेव्हा डॉक्टरला गाडीत घालून त्यांनीच आणलं. पण महिन्या दोन महिन्यांनी ते कुणाला तरी घेऊन यायचे. कधी मोठ्या कंपनीतली माणसं, कधी परदेशी बाई, कधी कॉलेजची पोरं. खुर्च्या मांडल्या जायच्या. थोरलीला समोर बसवायचं आणि सर मला म्हणायचे, "मॅडम, काय झालं ते तिला सांगायला सांगा."

ती सांगायची. हळूहळू तिला कळायला लागलं की डोंग्याची गोष्ट आली की पाहुणे लिहायचं थांबतात. मग ती लवकर डोंग्यावर यायची. एकदा मला म्हणाली, "डोंग्यापासूनच सुरू करू का? मिरची पडून आहे तिकडं."

शेवटी सर विचारायला लावायचे, आणखी काय पाहिजे? ती दर वेळी एकच सांगायची. "बहीण शोधून द्या."

"हे आपल्या कामात बसत नाही हो," सर मला हळू आवाजात म्हणायचे. "घोंगड्या म्हणा, औषध म्हणा. काहीतरी देता येईल असं सांगा म्हणावं."

मी सांगायची. ती म्हणायची, "घोंगडी आहे."

शेवटी मीच एक उपाय केला. मिरचीचा धंदा एकमेकांत अडकलेला असतो. इकडचे मुकादम तिकडच्या मुकादमांना ओळखतात आणि सगळ्यांकडं मोबाइल असतात. मी थोरलीला माझ्या फोनसमोर बसवलं आणि बोल म्हटलं. ती आधी लाजली. मग बोलली ते असं: "आपल्या घरामागं चिंच होती. त्या चिंचेवरून पडून जिचा पुढचा दात तुटला, तिची बहीण इथं जिवंत आहे." आणि गावाचं, आईबापाचं नाव घेतलं. मी तो आवाज सातऱ्यावरच्या मुकादमाला पाठवला. "पाठवतो पुढं," तो म्हणाला, "पण आशा नका ठेवू जी. तिकडं अशा लई बाया आहेत."

महिना उलटून गेला. मी विसरले नव्हते, पण विचारायचं टाळत होते. मग एका दुपारी मुकादमानं एक आवाज परत पाठवला. पोळ्या लाटता लाटता मी तो लावला आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. मागं कोंबड्या ओरडत होत्या आणि एक बाई चिडून बोलत होती: "मी पडले नव्हते. तू ढकललं होतंस."

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून गेले. थोरलीनं ते वाक्य फोन कानाला लावून ऐकलं, मग छातीशी धरून, मग सगळ्या बायांना बोलावून. "खोटं बोलते ती," ती सगळ्यांना सांगत होती, "मी नव्हतं ढकललं," आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचे हात डोळ्यांना लावता येईनात म्हणून ती खांद्यानं तोंड पुसत होती.

आनंदाच्या भरात मी सरांना फोन केला. त्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, ही आपली या वर्षाची गोष्ट आहे." धाकटीच्या तिकिटाचं, तिला आणायला माणूस पाठवण्याचं सगळं संस्था करणार होती. फक्त भेट नागपुरात, संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात होणार होती. दिल्लीहून पाहुणे येणार होते. कुठं का होईना, भेट होते आहे ना, असं मला वाटलं.

कार्यक्रम थंडीतला. थोरलीला सकाळीच भिवापूरहून आणून स्टेजमागच्या खोलीत बसवलं. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि हातांना खोबरेल चोपडलं होतं, तरी हात लालच होते. दार वाजलं की ती उठायची.

"गाडी लेट आहे," सरांनी मला सांगितलं. तासाभरानं पुन्हा विचारलं. "अजून लेट आहे." बाहेर माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होता. दिल्लीकडं धुकं होतं, पाहुण्यांचं विमान सुटलं नव्हतं, असंही कानावर येत होतं. जेवणाची पाकिटं आली. थोरलीनं आपलं पाकीट उघडलंच नाही, दोघींत खाऊ म्हणाली.

मला चहाची तलफ आली म्हणून मी मागच्या दारानं टपरीकडं निघाले. जनरेटरच्या बाजूला संस्थेची जीप उभी होती. मागच्या सीटवर एक बाई बसली होती, मांडीवर जेवणाचं पाकीट. मी सहज पाहिलं आणि पाय थांबले. थोरलीचंच रुंद कपाळ. तिनं तोंड उघडलं तेव्हा पुढचा अर्धा दात दिसला.

मी काचेला तोंड लावून तिच्या बोलीत विचारलं, "तू कधी आलीस?"

"पहाटे," ती म्हणाली. "माझी बहीण कुठं राहते? लांब आहे का इथून?"

माझ्या मागं भिंत होती आणि भिंतीच्या आत थोरली बसली होती.

ड्रायव्हर धावत आला. "मॅडम, इले कोणाले भेटू द्यायचं नाही. पाहुणे आल्यावर स्टेजवरच भेटवायचं आहे, सरांनी सांगितलं."

"दार उघड."

"माही नोकरी जाईल जी."

"मी उघडलं म्हणून सांग," मी म्हणाले आणि उघडलं. धाकटीला तिथंच थांबवून आत गेले आणि थोरलीला एवढंच म्हणाले, "चल."

त्या गळ्यात पडल्या नाहीत. थोरली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि ओठ बाजूला सारून दात पाहिला. मग जनरेटरच्या तेलकट मातीत त्या समोरासमोर बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांच्याकडं रडणं आणि बोलणं वेगळं नसतं, सुरात एकेक गोष्ट येते. आई कशी गेली, मामा कुठं आहे, पोरं किती झाली. मला अर्ध्याहून जास्त समजत होतं. ते मी कुणालाही मराठीत सांगितलेलं नाही.

सर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, हे काय केलं तुम्ही? सगळ्यावर पाणी फिरवलं!"

"पहाटेपासून तिला गाडीत बसवून ठेवलंत?"

"नाश्ता दिला, जेवण दिलं, गाडी सावलीत लावली. तुम्हाला काय वाटतं, मला मजा येते? या भेटीवर पुढच्या वर्षीच्या सगळ्या वस्त्यांची औषधं अवलंबून आहेत. लोक अशा गोष्टीलाच पैसे देतात. हातपंपाला कोणी रडत नाही."

ते खरंच बोलत होते, आणि म्हणूनच मला त्यांचा अधिक संताप आला. मी काही बोलायच्या आत त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ठीक आहे. स्टेजवर पुन्हा भेटवू. त्यांना समजावून सांगा."

पाहुणे दुपार कलल्यावर आले. सभागृह भरलं होतं. एकीला डावीकडून सोडलं, दुसरीला उजवीकडून. कुठूनतरी बासरी सुरू झाली. दोघी मधोमध आल्या आणि माझ्याकडं पाहत उभ्या राहिल्या. मी बाजूला माईक धरून होते. "गळ्यात पडा म्हणतात," मी सांगितलं. त्या पडल्या. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसायला लागल्या.

"एकदा आणखी, पाहुण्यांना मधे घ्या," फोटोवाला ओरडला. दिल्लीचे मुख्य पाहुणे दोघींच्या मधे येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता काय पाहिजे यांना?" थोरलीनं मला विचारलं.

"पुन्हा भेटा म्हणतात."

त्या पुन्हा भेटल्या. ढिगावरची मिरची संपवायची असावी तशा भेटल्या. मग पाहुण्यांनी थोरलीला माईक दिला. ती थोडंच बोलली, आणि मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं: "आम्हाला दोघींना एका ठिकाणी राहायला जागा द्या. इथं द्या नाहीतर तिथं. घोंगड्या परत घ्या."

सभागृह हसलं. त्यांना ते गोड वाटलं. पाहुणे म्हणाले, "जरूर, जरूर, देखेंगे," आणि बासरी पुन्हा लागली.

धाकटीचं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं होतं. मला ते तेव्हा कळलं. "माझ्या घरी राहू द्या दोघींना, चार दिवस," मी म्हणाले. सर म्हणाले, जबाबदारी संस्थेची आहे, उद्या काही झालं तर? आणि धाकटीही घाबरली होती. पोरं शेजारणीकडं ठेवून आलेली, मुकादमानं एवढीच सुट्टी दिलेली. स्टेशनवर तिला सोडायला मी गेले. थोरलीला नेता आलं नाही, भिवापूरची गाडी तिला आणि कार्यक्रमाला आणलेल्या वस्तीवरच्या सगळ्या माणसांना घेऊन आधीच निघाली होती. गाडी सुटताना धाकटीनं मला विचारलं, "तो मधे उभा होता तो कोण होता?"

फोटो पेपरात आला. पहिल्या पानावर नव्हता, पण ठळक होता, खाली भिवापूरचं नाव. त्याच्या नंतर सातऱ्यावर चौकशीला माणसं यायला लागली. हे कुठल्या राज्यातले, कागद काय आहेत, जागा कुणाची, कुणाच्या परवानगीनं राहतात. सातऱ्याच्या मालकाला ती कटकट नको होती. मला हे कुणी कळवलं नाही. त्या दिवसानंतर संस्थेनं मला बोलावणं बंद केलं होतं, आणि आमच्या यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघाल्यानं मलाही जाता आलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले तेव्हा झोपड्यांच्या जागी बांबूंची भोकं होती. हातपंप होता, त्यावर संस्थेच्या नावाची पाटी होती. मुकादम एका खाटेवर पडला होता.

"गेले जी सगळे. ट्रकात बसले न् गेले."

"कुठं?"

"मले काय माहीत? कोणी म्हणे तेलंगणात, कोणी म्हणे छत्तीसगढात. त्यायच्यातल्या एकापाशी फोन होता, तो तर बंदच येऊन राहिला."

धाकटीचा नंबर ज्याच्याकडं होता तो तिकडचा मुकादमही बदलला होता. मी सरांच्या ऑफिसात गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, यांच्या डोळ्यांची चौकशी केली. मग मी विचारलं.

"वाईट वाटतं हो," ते म्हणाले, आणि त्यांना वाटतही असेल. "पण ती कुटुंबं आता आपल्या कार्यक्षेत्रात नाहीत."

चहा आला. मी तो न पिता उठले. जिन्यात दोन पोरी घोंगड्यांचं एक मोठं खोकं वर नेत होत्या, मी त्यांना वाट दिली.