मुटका मारला अन् मासे पळाले

माझी पत्नी सुनंदा आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत अठरा वर्षांपासून सेविका आहे. तिथल्या भिंतीवर ‘पाण्यातले प्राणी’ असा एक तक्ता लावलेला आहे. कडा फाटल्या, चिकटपट्टीने जोडल्या, पुन्हा फाटल्या. त्या तक्त्यावर पिवळ्या अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा एक मासा आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी जोया नावाच्या चार वर्षांच्या मुलीने त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, “बाई, तुम्ही पाह्यला का ह्याला?”

सुनंदा म्हणाली, “नाय गं. पण पाहून येते अन् सांगते तुला.”

संध्याकाळी तिने हे मला सांगितलं. मी म्हटलं, “पाह्यला म्हणून सांगायचं. चार वर्षांचं लेकरू, त्याला काय कळतं?”

“अठरा वर्षं मासा मासा शिकवते मी,” ती म्हणाली, “अन् बाजारातल्या बर्फावरचा सोडून एक मासा पाह्यला नाय. आता लेकराला खोटंबी सांगू?”

आमचा मालवणचा बेत ठरला तो असा. ज्यांना असाच बेत करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही चौघं निघालो. सुनंदा, मी, आणि चितेगावच्या कंपनीत माझ्याबरोबर मेंटेनन्सला असलेले सलीमभाई व त्यांच्या बेगम नसीमभाभी. सलीमभाई मूळचे खुलताबादचे, डोंगरावरचे. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. गाडी त्यांची, पेट्रोल निम्मं निम्मं. गुरुवारी पहाटे त्यांची नमाज आणि माझी पूजा आटोपली आणि पाच वाजता आम्ही नगर रोडला लागलो. पुणे बाहेरूनच टाळलं. साताऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली आणि अंधार पडायला कोल्हापुरात मुक्काम केला. एका दिवसात मालवण गाठायचा हट्ट करू नका. सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि शेवटचा घाट उजेडात पाहण्यासारखा आहे.

दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो. घाटाच्या वर ऊस, घाटाच्या खाली माड. मध्ये फक्त अर्ध्या तासाची वळणं. कणकवली, कसाल करत दुपारी मालवणात पोचलो. बंदराजवळच एका घरात दोन खोल्या मिळाल्या, खोलीला दीड हजार, सकाळचा नाश्ता त्यातच. गळ्यात माळ असल्याने माझ्या जेवणाचं कसं होईल ही काळजी होती, पण घरमालकीणबाईंनी काजूची उसळ, घावणे आणि सोलकढी असं वाढलं की सलीमभाई सुरमई खाता खाता माझ्या ताटात डोकावत होते.

एक कबुली इथंच देतो. नगरपासून मालवणपर्यंत गाडीत मी एकाच विषयावर बोलत होतो, तो म्हणजे माझं पोहणं. मी खेड्यात वाढलो. आठव्या वर्षी चुलत्यांनी माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा दोराने बांधला आणि मला शेतातल्या विहिरीत ढकललं. तिसऱ्या उन्हाळ्याला डबा सुटला. मग आम्ही पोरं गुडघे पोटाशी घेऊन काठावरून उड्या मारायचो, मुटका म्हणतात त्याला. ज्याच्या मुटक्याचं पाणी काठावरच्या माणसाला भिजवील तो खरा. आमच्या गावात माझं पाणी सगळ्यांत उंच उडायचं. सुनंदाचं माहेरही तसंच गाव. पण तिच्या वाट्याला विहिरीचा काठ आणि घागर आली. भाऊ पोहायचे, ती त्यांचे कपडे सांभाळत बसायची. पोरींनी विहिरीत उतरायचं नसतं, एवढंच कारण. गळ्याइतक्या पाण्यात ती आयुष्यात कधी गेली नव्हती.

“तू काळजी करू नको,” मी तिला घाटात सांगितलं. “पाण्यातलं सगळं माझ्यावर सोड.”

गाडी चालवता चालवता सलीमभाई म्हणाले, “भाभी, भाऊच्या भरोशावर नक्को. लाइफ जॅकेटच्या भरोशावर जावा.”

शनिवारची सकाळ एवढीच आमच्या हातात होती. सोमवारी अंगणवाडी उघडणार आणि रविवारी रात्रीपर्यंत घरी पोचायचं, म्हणजे शनिवारी दुपारी निघणं भाग. त्यातही होडीवाला बाबल आदल्या दिवशीच म्हणाला होता, “धा वाजल्यार वारो सुटता. मगे पाणी गढूळ. सकाळीच काय ता बघून घेवा.” तेव्हा जो काही मासा दिसायचा तो दहाच्या आत.

सात वाजता आम्ही जेट्टीवर होतो. मोठ्या बोटीत घोळका करून नेतात, ते टाळा. बाबलची फायबरची होडी सहा माणसांची होती. आम्ही चौघं आणि सांगलीचं एक जोडपं. मास्क, श्वासाची नळी, जॅकेट धरून माणशी सातशे रुपये घेतले. बाबल चाळिशीचा, अंगाने काटक, उन्हाने तांब्यासारखा झालेला. होडीत पाय ठेवण्याआधी त्याने वाकून होडीच्या टोकाला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मीही चप्पल काढून समुद्राचं पाणी कपाळाला लावलं. वडिलांनी शिकवलं होतं, कुठल्याही पाण्यात पाय घालायच्या आधी त्याची परवानगी घ्यावी. सलीमभाई बिस्मिल्ला म्हणाले आणि बसल्या बसल्या फळी घट्ट धरली.

किल्ल्याच्या तटाला वळसा घालून बाबलने खडकांच्या आडोशाला नांगर टाकला. पाणी हिरवट निळं आणि इतकं स्वच्छ की तळाचे दगड दिसत होते. त्या दगडांवरून काहीतरी सरकत होतं, एकदा, दोनदा, मग कितीतरी.

“ते बघा, पट्ट्यापट्ट्याचे,” बाबल म्हणाला. “थयच आसत. हळू उतरा. शिडीवरनं एक एक जण.”

सुनंदाने जॅकेटचे पट्टे तिसऱ्यांदा ओढून पाहिले. सलवारीचे पाय बांधले. मास्क लावून शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. मला वाटलं, हिला धीर द्यायचा तर आधी आपण पाण्यात जाऊन दाखवावं. तोंडाने सांगण्यापेक्षा ते बरं.

आणि मी मुटका मारला.

चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांना, आणि धप्प! पाणी किती उंच गेलं ते मला दिसलं नाही, पण होडीतली सहाच्या सहा माणसं चिंब झाली, बाबल धरून. जॅकेटने मला खालून वर फेकलं, मास्क निसटून तळाला गेला, आणि तोंडात जे पाणी शिरलं ते विहिरीचं नव्हतं. मी खोकत, शिंकत, लाल डोळ्यांनी वर आलो.

“ओ दादा!” बाबल ओरडला. “ही काय बाव वाटली तुमका? बाव न्हय, दर्या आसा ह्यो! गेले सगळे मासे!”

बाव म्हणजे विहीर, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

सांगलीचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “आता दगडं बघायची.”

मी वर पाहिलं. सुनंदाने शिडीवरचा पाय मागे घेतला होता. आठव्या वर्षापासून पोहणारा नवरा असा गटांगळ्या खात वर आलेला पाहिल्यावर कोण उतरेल? ती फळीवर जाऊन बसली, मास्क काढला आणि म्हणाली, “मी नाय उतरत बगा. तुम्ही पाहून या. मी लेकरांना तुमचं सांगते.”

मला ते फार लागलं. सहाशे किलोमीटर तिच्या एका शब्दासाठी आलो आणि तो शब्द माझ्याच उडीखाली बुडाला. देवासमोर चूक झाली की माणूस कान पकडतो, इथं हात पाण्यात होते.

बाबलने सूर मारून माझा मास्क आणून दिला. “गप रवा पंधरा मिनटा,” तो म्हणाला. “हातपाय मारू नको. मासे येतले परत. तवसर नळीन श्वास घेवन बघा.”

इथं माझी दुसरी फजिती झाली. विहिरीत पोहणाऱ्याला एकच धडा पक्का असतो, तोंड पाण्यात गेलं की श्वास बंद. स्नॉर्केलिंगमध्ये नेमकं उलटं. तोंड पाण्यात, आणि श्वास चालू, तोही तोंडाने. मी डोकं खाली घालायचो, छाती आपोआप बंद व्हायची, अन् दहा आकड्यांनंतर फुटबॉलसारखा वर यायचो. एकदा, दोनदा, चारदा.

सलीमभाई फळी न सोडता म्हणाले, “क्या भाऊ! पन्नास साल के हुए और साँस लेना नाय आया?”

नसीमभाभी ओढणी तोंडाला लावून हसत होत्या. सुनंदा मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे टक लावून पाहत होती, अंगणवाडीत एखादं लेकरू पेन्सिल उलटी धरतं तेव्हा पाहते तशी.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही श्वास कोंडून धरताय.”

“मग काय करू?”

“गरम चहाला फुंकर घाला. लांब. आता कपातला वास घ्या, पण तोंडानं. पुन्हा फुंकर.” रडून रडून श्वास अडकलेल्या लेकरांना ती असंच शांत करते, हे मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. “घाई नाय. फुंकर... आता घ्या. मोठ्ठा चहा हाय, लई गरम हाय.”

“नळीतून कसं?”

“द्या इकडं.” तिने स्वतःची नळी तोंडात धरली आणि फळीवर बसून मला करून दाखवलं. फू... आणि आत. फू... आणि आत. डोळे मिटलेले, पाठ ताठ. तिचं पाहत मी डोकं पाण्यात घातलं. फुंकर. नळीतून स्वतःच्याच श्वासाचा आवाज कानात घुमला. पुन्हा. छाती सैल झाली. मी तसाच राहिलो, आणि खाली दगडाआडून पिवळं काहीतरी डोकावलं.

मी वर आलो तेव्हा बाबल सुनंदाला म्हणत होता, “वैनी, तुमका सगळा येता! दादांपेक्षा बरा येता. भिया नको, उतरा. मी हय आसय.”

तिने नळी तोंडातून काढली. पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कुणी उडी मारायची नाय,” ती म्हणाली.

“नाय मारत.”

“हातबी हालवायचा नाय.”

“नाय हालवत.”

ती उतरली. एक पायरी, दुसरी, मग कंबर, मग गळा. गळ्याशी पाणी आल्यावर तिने डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली; मी विचारलं नाही. बाबलने टाकलेली रबरी ट्यूब एका हातात, माझा हात दुसऱ्या हातात. मग तिने तोंड पाण्यात घातलं.

मी वाट पाहत होतो, आता वर येईल, आता येईल. ती आली नाही. नळीच्या टोकातून एकसारखा आवाज येत होता, फू... आणि आत. मग तिने माझा हात दाबला. मीही खाली पाहिलं.

ते आले होते. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, वीस-तीस तरी असतील, अगदी आमच्या पोटाखाली. त्यांच्या मागे एक हिरवा-निळा मासा दगडाला चोच मारल्यासारखा टोचत होता. ऊन पाण्यातून गाळून खाली पडत होतं आणि तळावर त्याच्या रेघा हलत होत्या. पट्ट्यांचा एक मासा सरळ सुनंदाच्या काचेपाशी आला आणि थांबला. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. तिने पुन्हा हात दाबला. नंतर माझ्या लक्षात आलं, प्रत्येक नवीन माशाला ती एकदा दाबत होती. गाभाऱ्यात गेल्यावर मला जशी मागण्याची आठवण राहत नाही, तसं माझं तिथं झालं. बाबलने शिट्टी वाजवेपर्यंत वीस मिनिटं गेली होती.

ती वर आली ती हसतच. नाकात पाणी, कपाळावर मास्कचा लाल वळ.

“सलीमभाई,” ती शिडी चढता चढता म्हणाली, “उतरा. फुंकर मी सांगते.”

मग सलीमभाई उतरले, नसीमभाभीही उतरल्या, दोघांनाही तिनेच शिकवलं. सलीमभाई डोकं वर काढून “सुभानअल्लाह!” ओरडले तर तिने त्यांनाही गप्प केलं. नंतर बाबलने आम्हाला वाळूच्या उथळ पट्टीवर नेलं. तिथं मनसोक्त पोहता येतं, आणि तिथं माझी विहीर कामाला आली. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, हात मारायलाच लागत नाहीत. पण माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. दहा वाजता वारा सुटला आणि पाणी खरंच गढूळलं.

दुपारच्या जेवणात सलीमभाईंनी पुन्हा मासा मागवला. सुनंदा म्हणाली, “सकाळी ज्याला सुभानअल्लाह म्हणलात, तोच नाय ना हा?” त्यांचा घास हातातच राहिला, मग त्यांनी निवांत खाल्ला.

सोमवारी तिचा डबा द्यायला मी अंगणवाडीत गेलो. आत शांतता होती. सगळी लेकरं सतरंजीवर पालथी पडली होती, तोंडात वर्तमानपत्राच्या सुरळ्या. सुनंदा मधून फिरत होती. “फुंकर... आता घ्या. उडी नाय मारायची. हळू. आला बघा, पट्ट्यांचा आला.”

जोयाने मान वर करून विचारलं, “बाई, त्यानं तुम्हाला पाह्यलं?”

“व्हय,” सुनंदा म्हणाली. “त्यानं आधी पाह्यलं.”

प्रवासातून काय उरलं ते मोजायचं तर माझ्याकडे एक सवय उरली आहे. कंपनीत मशीन बंद पडलं, आरडाओरडा सुरू झाला की मी आधी चहाला फुंकर घालतो. चुलत्यांच्या डब्याने मला तरंगायला शिकवलं होतं. पाण्यात थांबायला शिकवणारं माणूस घरातच होतं आणि पन्नाशीपर्यंत मी विचारलंच नव्हतं.

परवा माळ्यावरचा तेलाचा रिकामा डबा खाली उतरवलेला दिसला. घासून, झाकण घट्ट लावून, अंगणात उन्हात ठेवलेला. मी विचारलं, “हा कशाला?”

“चैत्रात गावाला जाऊ तवा लागंल,” सुनंदा म्हणाली. “दोर तुम्ही आणा. अन् आधी शिडीनं उतरायचं, तुम्हीबी.”