ओट्यापर्यंत येणारं नेट

गल्लीतली शोभा रोज दुपारी माझ्या ओट्यावर फोन घेऊन बसते. मला संशय आला. विचारलं, "काय गं, माझ्या घरावर पाळत ठेवतेस?"

"नाही हो आण्णा. शेजारच्यांचं वायफाय इथवरच येतं. पोरीचा अभ्यास उतरवून घेते. त्यांच्या सुनेनं हळदीकुंकवाला वाण म्हणून पासवर्ड दिलाय. सासऱ्यांना सांगू नका."

शेजारी तीन मुलगे कमावते, म्हणून तिथं नेट आलं. हिच्या घरात मायलेकी दोघीच, मजुरी एकीची. मी तर एकटा म्हातारा, मला कोणी विचारलंही नाही. ही नेटची तार आधी घरातले पगार बघते आणि मगच उंबरा चढते, असा माझा वहीम आहे.

काल तो सासरा डोकावला. "आण्णा, ही इथं रोज का बसते?"

त्याची नजर मला बरी वाटली नाही. म्हटलं, "ओटा माझा आहे. मीच बसवलंय तिला."