मामांनी ठेवलेले वेढे

मामा फायबरचा जोड करायला बसले की श्वास रोखून धरत, आणि खोलीत जो कोणी असेल त्यालाही धरायला लावत. बँकेचा मॅनेजर असो की ग्रामपंचायतीचा शिपाई, पंखा बंद व्हायचा, दार लोटलं जायचं आणि मामा म्हणायचे, "धरा." मशीनच्या छोट्या पडद्यावर केसाएवढ्या काचेची दोन टोकं समोरासमोर यायची, एक ठिणगी पडायची आणि दोन्हींचं एक व्हायचं. मग मामा मान वर करून म्हणायचे, "सोडा आता." गाल फुगवून बसलेली मोठी माणसं मी पाहिली आहेत. श्वासाने खरंच काही बिघडतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. जमिनीखालून आलेली फायबर ऑफिसात न्यायची आणि तिथल्या स्विचला जोडायची, हे त्यांचं काम. स्विच म्हणजे लुकलुकत्या दिव्यांची चपटी पेटी. तिच्यातून खोलीतल्या एकेका कॉम्प्युटरकडे वायर जाते. मानोऱ्यापासून शेलूबाजारपर्यंत लोक त्यांना फायबरमामाच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

मी वाशिमला इंग्रजी शाळेत होते. शाळेत इंग्रजी बोलायची भीती वाटायची आणि आजोळी मराठी बोलायची. सगळे मला "बोल ना, बोल ना" करत. मामा आईला म्हणाले, "राहू दे ताई तिले. बोलणारे गंज आहेत, पायलीचे पन्नास. मले चूप बसणारं माणूस पाहिजे." तेव्हापासून सुट्टीत मी त्यांच्या गाडीवर मागे बसून जायची. बॅटरी धरायची. रिकामा वेळ मिळाला की टाकाऊ तुकड्यांवर त्यांनी माझा हातही बसवून घेतला. सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, कापायचं, मशीनच्या खाचेत अलगद ठेवायचं. दिवसभरात आम्ही फार तर चार वाक्यं बोलत असू, आणि तेवढं दोघांनाही पुरायचं.

काम झालं की ते हाताला चिकटपट्टी गुंडाळून फरशी टिपत बसायचे. काचेचे बारीक तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण पायात जातात. "आपण तं निघून जाऊ, झाडणारी बाई अनवाणी येते," असं म्हणून ते टेबलाखाली शिरायचे.

आणि निघताना भिंतीवर वायरीचे मोठे, सैल वेढे टांगून ठेवायचे. पुढे कधी कुठे तुटली तर ओढून घ्यायला हाताशी असावी म्हणून. एका ऑफिसात मोठे साहेब येणार होते, तेव्हा शिपायाने ते वेढे सुतळीने आवळून छान मूठभर गठ्ठा करून टाकला. आतली काच मोडली आणि नेमकं साहेबांसमोर नेट बंद. मामा गेले, सुतळी सोडली आणि म्हणाले, "भाऊ, हे गायीचं दावं नोहे. याले मोकळं राहू द्या."

मग एका सुट्टीत माझ्या लक्षात आलं की मामा आता चहा बशीत ओतत नाहीत. टपरीवर ग्लास बाकावर ठेवत आणि वाकून तोंड ग्लासापाशी नेत. उजवा हात खिशात असायचा. माझी नजर त्यांनी पकडली.

"पाह्यलं काय?"

मी मान हलवली.

"कोणाले सांगू नको. ठेकेदाराले समजलं का काम बंद. आपल्या विहारातली लाईन राह्यली आहे अजून. तो जोड माह्याच हातचा पाहिजे."

सगळीकडचे जोड करून झाले, त्यांच्या स्वतःच्या गावाचा नंबर शेवटी लागला होता. गावच्या बुद्धविहारात अभ्यासिका होती, चार कॉम्प्युटरही होते, पण परीक्षेचा अर्ज भरायला मुलं फाट्यावर जाऊन मोबाईल उंच धरत.

जोडाच्या दिवशी दुपारी अर्धं गाव विहारात जमलं. मामा म्हणाले, "धरा." सगळ्यांनी धरला. काचेचं टोक खाचेच्या कडेला लागलं आणि मोडलं. पुन्हा सोललं, पुन्हा कापलं, पुन्हा मोडलं.

"लवकर कर रे फायबर, माहा जीव जाईन," एक म्हातारबाबा म्हणाले. सगळे हसले. मामाही हसले.

"बाहेर जा बाप्पा सारे. तुमच्या गर्मीनं मशीन तापून राह्यली."

दार लागलं. मामांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तू ठेव."

मी ठेवलं.

"धर." ठिणगी पडली. ते पडद्याकडे बघत राहिले. "सोड आता."

स्विचवरचा दिवा लागला. बाहेरून कोणीतरी विचारलं, "जमलं काय, फायबर?"

"जमलं," मामा म्हणाले आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी नेहमीसारखी गप्प राहिले. आता हे लिहायला हरकत नाही. ठेकेदाराला कळून आता काय होणार?

त्यानंतर त्यांनी काम घेतलं नाही. हाताचा कंप अंगभर पसरला, चाल आखडली, आवाज इतका बारीक झाला की कान तोंडाशी न्यावा लागे. यंदाच्या थंडीत छातीत कफ भरला. दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, "विहारातली लाईन चालू आहे ना?"

"चालू आहे, मामा."

"वेढे कोणाले आवळू देऊ नको."

माझ्याशी ते एवढंच शेवटचं बोलले.

हल्ली मी विहारातल्या त्याच अभ्यासिकेत अभ्यासाला बसते. मागच्या महिन्यात रस्ता रुंद करताना जेसीबीने विहारासमोर वायर तोडली. नवा टेक्निशियन आला. त्याने मामांचे वेढे उलगडले आणि वायर भिंतीबाहेर ओढली. बरोबर पुरली. भिंतीवर एकच वेढा उरला. मग त्याने आतली पेटी उघडून जुना जोड पाहिला.

"मॅडम, हा राहू देऊ का नवा मारू?"

"राहू द्या," मी म्हणाले. "मामांच्या हातचा आहे." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तो बाहेर ओट्यावर मशीन मांडून बसला आणि मोबाईल खांद्याशी दाबून, कोणाशी तरी बोलत बोलत जोड करून मोकळा झाला. सामान आवरून निघूनही गेला. मी चिकटपट्टी घेऊन ओटा टिपायला वाकले, तेव्हा कळलं की मी अजून श्वास धरून आहे. सोड म्हणणारं कोणी नव्हतं.