प्रश्न बाहेर ठेवणाऱ्या आक्का

“चपला भाईर काढा, आन् प्रश्न बी भाईरच ठिवा.”

नवीन स्वयंसेवक दारात आला की आक्का त्याला हे ऐकवायच्या आणि हसून आत घ्यायच्या. कारेगावात दोन खोल्यांची आमची संस्था. आपला देश सोडून जीव वाचवायला आलेल्या कुटुंबांना तिथं औषधं, धान्य, कागदपत्रांची मदत मिळते. आक्का निवृत्त अंगणवाडी मदतनीस. दर सोमवारी केंदूरहून एसटीनं यायच्या. नव्या माणसाचा पहिला दिवस त्यांच्या ताब्यात.

एका इंजिनिअरनं आल्या आल्या लॅपटॉपवर मोठी योजना दाखवली. आक्कांनी ती शेवटपर्यंत बघितली, “लई झ्याक” म्हणाल्या आणि त्याला कप विसळायला बसवलं. “तुमी कप धुताना दिसला, की ती मान्सं तुमच्या हातचा च्या घेत्यात.”

मी दौंडला रेल्वेत तिकीट खिडकीवर नोकरी केलेला. खिडकीच्या आतून विचारायची सवय हाडात मुरलेली. पहिल्याच दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला फिट यायच्या. फॉर्मवर एक रकाना होता, देश सोडण्याचं कारण. मी हिंदीत विचारलं. तिनं मुलीला जवळ ओढलं. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. तिनं मुलीला उचललं आणि ती निघून गेली. गोळ्या टेबलावरच राहिल्या.

आक्का रागावल्या नाहीत. गोळ्या पिशवीत टाकून म्हणाल्या, “चला भाऊ.”

चाळीतल्या तिच्या खोलीचं दार आतून बंद होतं. आक्कांनी एकदाच कडी वाजवली आणि त्या पायरीवर बसल्या. पिशवीतून मेथीची जुडी काढून निवडू लागल्या. ऊन तापलेलं. मी अवघडून उभा. बऱ्याच वेळानं दार उघडलं. ती बाई बघत राहिली, मग शेजारी बसली आणि तिनंही थोड्या काड्या ओढून घेतल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मेथी संपल्यावर आक्कांनी गोळ्या दिल्या आणि बोटांनी दाखवलं, सकाळी एक, संध्याकाळी एक.

मी माफी मागायला पुढं झालो. आक्कांनी हातानंच थांबवलं.

“आत्ता न्हाई. तुमी माफी मागितली, तर तिलाच तुमची समजूत काढाया लागंल.”

परत येताना मी विचारलं, “ती दार उघडेल हे तुम्हाला कसं कळलं?”

“कुठं कळलं व्हतं? म्या बसले नुसती.” थोडं चालून त्या म्हणाल्या, “आमचं गाव धरणात गेलं तवा मी आठ वर्साची. नव्या शाळंत बाईंनी उभं केलं, म्हनल्या, गाव कसं बुडालं ते सांग. सगळी पोरं बघत व्हती. म्या चार म्हयनं शाळंत गेलेच न्हाई. शेजारची एक म्हातारी रोज येऊन दारात बसायची. बोलायची न्हाई काय. मंग एक दिवस गेले तिच्यासंगं.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःचं दुःख ती एकदाच सांगतात, तेही दुसऱ्याच्या कामाला येईल तेव्हा.

गेल्या वर्षी आक्का झोपेतच गेल्या. दहाव्याला आम्ही केंदूरला गेलो. ती बाई मुलीला घेऊन एसटीनं आली होती, डोक्यावरून पदर घेतलेला. बायकांच्या घोळक्यातल्या एका आजींनी विचारलं, “कुठली गं तू?”

मी पुढं होऊन काही सांगणार, तेवढ्यात तीच, एव्हाना शिकलेल्या मराठीत, बोलली.

“कारेगावची.”

आजींनी मान हलवली, सरकल्या आणि मायलेकींना बसायला जागा करून दिली.