योहानच्या घरची सकाळची प्रार्थना

पनवेलला फिरायला म्हणून कोणी जात नाही. नव्वदच्या दशकात तर नाहीच. तरी माझा सगळ्यात जड प्रवास तिथलाच.

फेब्रुवारीत मार्थाचं, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं, पत्र आलं. "दादा, यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. डॉक्टर पुढचं काही बोलत नाहीत. येऊन जा."

योहान उरणच्या एका कारखान्यात फिटर होता. सात वर्षं आमचं बोलणं नव्हतं. त्याआधी तो पुण्यातच राहायचा, तेव्हा आमच्या चर्चमध्ये एका रविवारी झोकांड्या खात आला होता. मी मंडळीचा पंच, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. मीच त्याला दंडाला धरून सगळ्यांसमोर बाहेर काढलं. "परत या दारात पाऊल टाकू नकोस," म्हणालो. मार्था बाकावर मान खाली घालून बसली होती.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. एक्सप्रेसवे तेव्हा नव्हता. लोणावळ्याला चहा, मग घाटात ट्रकांच्या मागे रांगत खाली खोपोली. पनवेलपर्यंत चार तास धरून चला. त्या चार तासांत मी मनात प्रार्थना जुळवत होतो. माझ्या प्रार्थनांचं चर्चमध्ये कौतुक व्हायचं, आणि आज मला योहानला क्षमा करायची होती.

स्टँडवरून विचुंब्याला, योहान राहायचा त्या गावाला, रिक्षा मिळायची, पण भाडं आधी ठरवावं लागे. अर्धवट बांधलेल्या इमारती, मुरमाचा रस्ता, धूळ. तळमजल्यावरच्या खोलीत योहान खाटेवर बसला होता. गळ्याभोवती पांढरं फडकं, मांडीवर पाटी. मला पाहून त्याने हात जोडले. मनगटं काड्यांसारखी झाली होती.

दुपारी शेजारची आगरी बाई कालवण घेऊन आली. "आज जेवला का?" तिने मार्थाला विचारलं. "आमी पन रोज देवाला सांगतो. तो काय ऐकत नाय."

संध्याकाळी मी उभा राहिलो आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. वाट चुकलेलं लेकरू, त्याचे अपराध, पश्चात्ताप, सगळं आलं. योहानने पाटीवर टकटक केली. लिहिलं होतं: "दादा, तू देवाला सगळं समजावून सांगतोस."

आमेन न म्हणताच मी खाली बसलो.

"चार वर्षं झाली, दादा," मार्था हळूच म्हणाली. "एक थेंब नाही घेतला."

मला कोणी कळवलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे डोळा उघडला तर योहान जमिनीवर गुडघे टेकून होता. ओठ हलत होते, गळ्यातून नुसती हवेची सूं सूं. मी स्वयंपाकघरात जाऊन मार्थाला विचारलं, "बरं कर म्हणतो ना?"

"सुरुवातीला म्हणायचे. आता पाटीवर लिहून दाखवतात, तू ठेवशील तसा. मला नाही जमत, दादा. मी अजून भांडते देवाशी."

मला त्या घरात बसवेना. पेणकडे जाणारी एसटी पकडून कर्नाळ्याला उतरलो. पुण्याहून जाणाऱ्यांनी अभयारण्य जरूर पाहावं, सावली दाट आहे, पाणी मात्र सोबत न्यावं. मी एकही पक्षी पाहिला नाही. एका दगडावर दुपारपर्यंत बसलो. त्या रविवारी त्याला बाहेर काढताना मला बरं वाटलं होतं, हे तिथे पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले. जुळवलेलं काही आठवलं नाही. "माझं चुकलं," एवढंच तोंडातून निघालं. देवाला म्हणालो की त्याला, मलाच कळलं नाही. योहानने माझ्याकडे पाहिलं. पाटी हाताशी होती, पण त्याने काही लिहिलं नाही. उठता येईना म्हणून हात पुढे केला. मी त्याला काखेत धरून उचललं. वजनच नव्हतं.

दुपारच्या गाडीने परत निघालो. सव्वा महिन्याने मार्थाचा फोन आला. सकाळी प्रार्थनेला बसले ते उठलेच नाहीत, म्हणाली.

त्याच आठवड्यात मी पंचपद सोडलं. तेव्हापासून चर्चमध्ये पुढे उभा राहून प्रार्थना केली नाही. घरी मात्र रोज सकाळी गुडघे टेकतो. योहानसारखं सगळं सोपवणं मला अजून जमलेलं नाही, मधेच समजावत बसतो. त्याने मला क्षमा केली का, ते कळलं नाही, आणि आता कळणारही नाही. तेवढं मात्र रोज देवाच्या हाती देतो आणि उठतो.